शेवटचे आठ : अमरावती, अकोट, अकोला

जिममध्ये शिकवणाऱ्यांना शिकवणं हा माझा सध्याचा उद्योग आहे. महाविद्यालयात शरीररचना शिकवून निवृत्त झालो आणि पुण्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेनं मला गावोगावी पाठवायला सुरुवात केली. कोणता स्नायू कुठून निघतो, कुठे जातो आणि वाटेत कुणाशी भांडतो, एवढं मी सांगतो. या कामाची गंमत अशी की लोकांनी हलावं म्हणून मी रेल्वेत बसतो, मग गाडीत बसतो, मग व्यासपीठावर बसतो आणि शेवटी बसण्याचे दुष्परिणाम या विषयावर बोलायला उठतो. माझ्या कमरेला यातला विनोद फार लवकर कळतो.

तसा मी घरीही बसत नाही. खुर्ची बदलतो, गॅलरीत जातो, परत येतो. बायको म्हणते, तुम्हाला दौरे नकोत असं तुम्ही म्हणता, पण बॅग कपाटाच्या वर कधी जात नाही. वऱ्हाडात जायच्या आदल्या दिवशी मी तिला सांगितलं, "हा शेवटचाच." ती टॉवेलची घडी घालत होती. "बरं," म्हणाली. पाऊस पडेल असं रेडिओवर ऐकल्यावर माणूस म्हणतो तसं.

अमरावती

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा चांगली थंडी होती आणि फलाटावर संत्र्यांच्या टोपल्या होत्या. माझ्याबरोबर कदम होते. कदम म्हणजे आमच्या संस्थेचे मुख्य प्रशिक्षक. वय पस्तिशीचं, शरीर घडीव, आवाजही घडीव. त्यांच्या बॅगेत स्वतःचा कॉलर माइक असतो, आणि आपण मंचावर येताना कोणतं संगीत वाजावं तेही ते घेऊन फिरतात. माणूस वाईट नाही. डबा उघडला की पहिला घास दुसऱ्याला देतो. पण चार माणसं समोर दिसली की त्याच्या छातीत ढोल वाजू लागतो.

अमरावती हे तालमींचं, मल्लखांबाचं गाव. इथल्या माणसाला व्यायाम शिकवायला पुण्याहून कुणी यावं याचं मलाच संकोचानं हसू येत होतं. आमचे यजमान भैयासाहेब यांना तसं काही वाटत नव्हतं. त्यांच्या अमरावतीत आणि आसपास चार जिम. शिबिरासाठी त्यांनी एक मंगल कार्यालय घेतलं होतं, आणि मंचामागची वधूवरांची मखमली महिरप काढायची राहून गेली होती. तिच्याखाली मी आणि कदम नवपरिणितांसारखे शेजारी शेजारी बसलो. सोफा इतका खोल की त्यातून उठणं हाच एक व्यायामप्रकार.

मग सत्कार सुरू झाले. दीप लागेना म्हणून पंखे बंद केले, लागल्यावर चालू केले, तेव्हा तो विझला. शाल, श्रीफळ, रोपटं आणि अॅक्रिलिकचं छोटं डंबेल असं प्रत्येकाला मिळालं. ज्यांनी सत्कार केला त्यांचा मग सत्कार झाला. सूत्रसंचालकानं मला "हाडामांसाचे शिक्षक" म्हटलं. ते विषयाला धरून होतं, म्हणून मी मान डोलावली. समोर वऱ्हाडभरातून आलेले जिमचे शिक्षक घट्ट टीशर्टांत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसले होते. त्यांचे दंड एकमेकांना लागत होते आणि खुर्च्या कुरकुरत होत्या. मी सोफ्यात उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे होत होतो. भैयासाहेबांनी तिसऱ्यांदा माइक हातात घेतला तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले, अंगात निळा ट्रॅकसूट.

"भैयासाहेब, बसवूनच ठेवता का दिवसभर? आमी बसाले नाई आलो. बसाले आमच्या घरी ओसरी हाये."

सभागृह खदखदून हसलं. भैयासाहेबही हसले, पण माइक सोडला नाही. त्यांनी जाहीर केलं की अकोल्यात त्यांची पाचवी जिम उघडते आहे. तिथल्या बायकांच्या वर्गाला मुख्य शिक्षिका हवी आहे, आणि ती याच शिबिरातून, अकोल्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेनंतर निवडली जाईल. परीक्षक तिघं : स्वतः भैयासाहेब, कदम आणि मी. ती निळी बाई अजून उभीच होती. "मंग लवकर शिकवा," ती म्हणाली आणि बसली.

जेवणाच्या सुट्टीत तीच माझ्या समोर ताट घेऊन आली. तिचं नाव प्रतिभा. अकोटची. नवरा भाजीपाला पिकवतो, ही बायकांना व्यायाम शिकवते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या एका जुन्या जिनिंग कारखान्याच्या आवारात रिकामा हॉल होता, तिथं तिचा वर्ग वर्षानुवर्षं चालला. आता मालकाला सरकी ठेवायला तो हॉल हवा आहे. महिनाअखेरीला सोडायचा.

"मले ही अकोल्याची जागा पायजेच, सर," ती म्हणाली. "तुमाले आधीच सांगून ठेवतो. चाळिशी ओलांडलेल्या बाईले जिमवाले दारात उभं करत नाईत. त्यायले पोरी पायजे, पोस्टरवर लावाले. ही एक जागा बायांच्या वर्गाची हाये म्हणून मले चान्स हाये. गेली तर मी मेथीच्या जुड्या बांधतो घरी बसून."

वऱ्हाडात बायकाही "मी जातो, मी सांगतो" म्हणतात. पुण्याच्या कानाला पहिल्या दिवशी ते खटकतं आणि दुसऱ्या दिवशी आपलंच बोलणं नटवं वाटू लागतं. मी तिला म्हटलं, परीक्षकाला असं आधी सांगू नये. ती म्हणाली, "काहून? नंतर सांगून काय फायदा?"

मी उठून आणखी भात आणायला गेलो. भूक नव्हती, पण तेवढंच उठणं.

संध्याकाळी पाय मोकळे करायला राजकमल चौकाकडे गेलो आणि उभ्यानं गिला वडा खाल्ला. आपल्याकडचा दहीवडा लाजत लाजत दह्यात बसतो. हा वडा दह्यात पूर्ण बुडून, वर तिखट चटणी घेऊन येतो आणि माणसाच्या डोळ्यांत पाणी आणतो. दुकानदारानं विचारलं, "कसा हाये?" मी चांगला म्हणालो. "मंग रडून काहून रायले?" त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षणार्थी पोरांनी मला ओळखलं आणि पैसे देऊ दिले नाहीत. एकानं विचारलं, गिल्या वड्यात प्रथिनं किती. मी म्हटलं, असे प्रश्न खाल्ल्यानंतर विचारावेत.

कदमांचा तास

दुसऱ्या दिवशी कदमांचं मुख्य व्याख्यान होतं. संगीत वाजलं, कदम धावत आले. विषय होता प्रेरणा. अर्धा तास त्यांनी वाघ, गरुड आणि यश यांच्याबद्दल सांगितलं. मी भिंतीला टेकून उभा होतो, एका पायावर, मग दुसऱ्या. मग ते धंद्याच्या गोष्टीवर आले, आणि तिथं मात्र मी कान टवकारले.

"समजा समोरचा माणूस दमलाय. हात थरथरतायत. तुम्ही काय म्हणता?"

"शेवटचे आठ!" अख्खं सभागृह एका आवाजात ओरडलं.

"आणि आठ झाले की?"

"अजून आठ!"

हशा पिकला. जगातल्या कोणत्याही जिममध्ये गेलात तरी ही थाप ऐकायला मिळेल. शिक्षक म्हणतो शेवटचे आठ, आणि आठाच्या मागून आठ येतात, मग "फक्त एक", मग "हा खरा शेवटचा". शिकवणारा थाप मारतो, शिकणाऱ्याला ती माहीत असते, आणि दोघंही घाम पुसतात. मी स्वतः फिजिओथेरपीच्या टेबलावर पडून ती ऐकली आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

प्रतिभाताईंचा हात वर झाला. "मी तसं नाई करत, सर."

"कसं नाही करत?"

"शेवटचे म्हटले का शेवटचेच. वरून एक बी नाई."

कदम हसले. "मॅडम, याला पुश करणं म्हणतात. माणसाला स्वतःची ताकद माहीत नसते. ती आपण दाखवायची."

"त्याले घरी कोणतं काम पडलं हाये ते तर माहीत असते ना? आमच्याकडं याले फसवणं म्हणतात."

हशा पुन्हा पिकला, पण यावेळी तो कदमांच्या बाजूचा नव्हता. कदमांनी तो फार सफाईनं झेलला. "अकोल्याला प्रात्यक्षिकात बघू हं, मॅडम," ते गोड आवाजात म्हणाले. माझ्या शेजारी उभे असलेले भैयासाहेब कुजबुजले, "बाई कामाची हाये सर. पण समोर कोन बसलं हाये ते पाहतच नाई."

मला प्रश्न पडला तो वेगळाच. शरीरशास्त्राच्या दृष्टीनं कदम बरोबर होते. स्नायू दमल्यावर आणखी चार वेळा वाकवला तर तो वाढतो. मग ती बाई न फसवता वर्ग चालवते तरी कसा? हे डोक्यात घोळायला लागलं आणि मी पुन्हा बसेनासा झालो.

अकोट

अमरावतीचं शिबिर संपल्यावर मधे एक मोकळा दिवस होता. भैयासाहेबांनी आम्हाला मेळघाटात सेमाडोहला न्यायचं ठरवलं होतं, वाघ दाखवायला. कदम गेले. वाघ दिसला नाही. जीपवर हात बांधून उभं राहून त्यांनी "वाघासारखं जगा" अशी चित्रफीत केली. ती मी नंतर पाहिली. मागे एक सांबर आपली पाठ आणि शेपटी दाखवत चरत होतं.

मी एसटी धरली आणि दर्यापूरमार्गे अकोटला गेलो. दोन्ही बाजूंनी काळं रान, त्यात तूर पिवळ्या फुलांनी उभी, कपाशीची बोंडं उललेली. कापसानं भरलेल्या ट्रॅक्टरमागे आमची बस बराच वेळ रांगत होती आणि खिडकीतून कापसाचे तंतू आत येऊन माणसांच्या मिशांवर बसत होते. शेजारच्या आजोबांनी मला विचारलं, कुठचे, काय करता. व्यायाम शिकवणाऱ्यांना शिकवतो, असं सांगितलं. "मंग व्यायाम कोन करते?" त्यांनी विचारलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

प्रतिभाताईंचा वर्ग दुपार कलताना भरतो. घरचं आटोपून आणि वावरातून परतून बायका येतात. हॉलला पत्रे, भिंतींना सरकीचा तेलकट वास, एका कोपऱ्यात आधीच पोत्यांची थप्पी. साड्यांच्या खाली ट्रॅकपँट, पायात कापडी बूट, गळ्यात टॉवेल. मी कोपऱ्यात उभं राहून बघणार होतो. तसं झालं नाही.

"सर, तिथं पोत्याजवळ उभं राहून काय पाहता? या लाइनीत," प्रतिभाताई म्हणाल्या.

"मी फक्त निरीक्षण..."

"निरीक्षण वाकून करा."

मी रांगेत उभा राहिलो, शांतामावशींच्या शेजारी. शांतामावशी म्हणजे वर्गातल्या सगळ्यांत वयस्क. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं आणि आपल्या शेजारणीला म्हणाल्या, "पुण्याचे हायेत. हळू वाकजा."

सुरुवात झाली, आणि पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती म्हणजे प्रतिभाताई उलटं मोजतात. आपण सगळे एक, दोन, तीन असं वर चढतो. त्या आठवरून उतरतात. "आठ! सात! शांतामावशी, बुड खाली! सहा! पाच! सर, श्वास घ्या, मरसान! चार!" तीनवर आल्या की हॉलमधली हवा बदलते. सगळ्या बायका जरा जास्त खाली जातात, दात ओठांवर येतात. दोन. एक. "झालं!" आणि खरंच झालेलं असतं. हात खाली, टॉवेल वर, मोठा उसासा. पुढचा प्रकार सुरू होईपर्यंत कुणी कुणाला "अजून एक" म्हणत नाही. माझ्या मांड्या तिसऱ्या प्रकाराला संपल्या. मी अनेक वर्षं ज्या स्नायूचं चित्र फळ्यावर काढत आलो, तो आत नेमका कुठे असतो ते तेव्हा कळलं.

वर्ग संपल्यावर सगळ्या जमिनीवर बसल्या. मीही बसलो, आणि आश्चर्य म्हणजे बसून बरं वाटलं. मी विचारलं, ताई पहिल्यापासूनच अशा मोजतात का?

"कायचं!" शांतामावशी म्हणाल्या. "पयले हे बी बाकीच्यायवानीच होती. शेवटचं, शेवटचं म्हणे, आन् संपतच नोतं. मंग आमी काय केलं? पयल्यापासूनच कमी वाकाले लागलो. जीव राखून ठेवाचा ना, बापा! काय मालूम अजून किती कराले लावते."

"आन् मले वाटे, ह्या बाया आळशी हायेत," प्रतिभाताई म्हणाल्या. "दोन मईने ओरडलो यायच्यावर. मंग एक दिवस ह्या मावशीनंच सांगतलं, तू खोटं मोजतं म्हणून आमी खोटं वाकतो. तेव्हापासून उलटी गिनती. कितवं चाललं हाये ते सगळ्यायले दिसते."

"आता पुऱ्या वाकता?" मी विचारलं.

"पुऱ्या कायच्या वाकतो, गुडघे दुखते," शांतामावशी म्हणाल्या. "पण चोरत नाई."

मी ताईंना एक गोष्ट स्पष्ट सांगितली : बैठका मारताना तुमच्या निम्म्या बायकांचे गुडघे आत वळतात आणि तुमचं तिकडे लक्ष नाही. ते एक दिवस महागात पडेल. त्यांना ते आवडलं नाही. मग त्या वर्गाला सांगू लागल्या की सकाळी कोमट लिंबूपाणी प्यायल्यानं चरबी वितळते. मी म्हटलं, नाही वितळत. "तुमच्या पुण्यात नसन वितळत," त्या म्हणाल्या आणि सगळ्या बायका माझ्याकडे दयेनं पाहू लागल्या.

निघण्याआधी त्यांच्या घरी जेवलो. ज्वारीची भाकर, वांग्याची रसरशीत भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कढी. भाजीला तेलाचा तवंग असा की त्यात मला माझं तोंड दिसलं. नवरा, विनायकराव, मितभाषी माणूस. बाहेर मेथी धुऊन ठेवत होते आणि मधूनच आत बघून म्हणत होते, "वाढ न त्यायले."

"बस झालं," मी म्हणालो.

"ही शेवटची," ताई म्हणाल्या आणि भाकर टाकली. ती संपवली.

"आता खरंच शेवटची." दुसरी पडली.

मी ताटावर हात आडवा धरला आणि म्हटलं, हॉलमध्ये तुम्ही वेगळं बोलत होतात. विनायकराव बाहेरून हसले. प्रतिभाताईंनी जराही न लाजता कढी ओतली. "जेवणाची गोष्ट वेगळी हाये, सर. जेवताना खोटं बोललं का माणूस जाड होते, मंग तो माह्या वर्गाले येते."

अकोला

अकोल्याची नवी जिम पहिल्या मजल्यावर होती. आरसे, नव्या रबराचा वास, दारात फुलांची कमान, तिच्यावर फीत. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. कुठले ते मी सांगत नाही. पाहुण्यांचं पद बदलतं, उशीर तोच असतो. परीक्षा आणि उद्घाटन एकाच दिवशी घेण्याची कल्पना भैयासाहेबांची. पाहुण्यांनी आत पाऊल टाकावं तेव्हा आत व्यायाम चालू असावा, असं त्यांचं स्वप्न होतं.

व्यायामाला माणसं हवीत म्हणून सकाळी फिरायला येणारी मंडळी बोलावून आणली होती. निवृत्त कारकून, शिक्षिका, एक डॉक्टरीणबाई, दोघीतिघी सुना. त्यांना चहा देऊन उभं केलं होतं, आणि पाहुणे येईनात म्हणून उभंच ठेवलं होतं. मी येरझाऱ्या घालत होतो. आरशात माझ्यासारखेच दहा जण येरझाऱ्या घालत होते. एक काका माझ्याजवळ येऊन म्हणाले, "साहेब, सुरू तर करा. उभं राहून राहून पोटऱ्या भरून आल्या."

भैयासाहेबांनी घड्याळ पाहिलं, फोनवर बोलले आणि परीक्षा सुरू करायला सांगितलं. शिबिरातून या जागेसाठी दोघीच उरल्या होत्या : प्रतिभाताई आणि अमरावतीची श्वेता. श्वेता तिशीच्या आतली, हसरी, चपळ, कामात चोख. तिच्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं.

आधी प्रतिभाताई. त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत त्या अनोळखी गर्दीतल्या निम्म्यांची नावं विचारून घेतली आणि लगेच त्या नावांनी ओरडायला लागल्या. "देशमुखकाका, भिंत धरा, लाजू नका! मॅडम, गुडघा बाहेर, बाहेर!" ते गुडघा बाहेर ऐकून मी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लोक हसत होते, वाकत होते, कामाला लागले होते. मग शेवटचा प्रकार आला, हात डोक्यावर नेऊन खाली बसायचा.

"हे शेवटचे आठ. वरून एक बी नाई, माहा शब्द हाये," त्या म्हणाल्या. "आठ! सात!"

सहाला खाली गाडीचे हॉर्न वाजले. पाचला जिन्यावर बूट वाजले. चारला भैयासाहेब दाराकडे धावले. तीनला कदमांनी प्रतिभाताईंना खूण केली : हवेत बोट गोल फिरवलं, चालू ठेवा. दोन. "चालू ठेवा मॅडम, अजून आठ!" कदम दबक्या आवाजात म्हणाले. दारातून भैयासाहेबही दोन्ही हात हलवत होते. खाली बसलेले देशमुखकाका तोंड लाल करून वर बघत होते.

प्रतिभाताईंनी कदमांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. क्षणभर त्या थांबल्या. त्यांना ती जागा किती हवी होती ते मला माहीत होतं, आणि तो क्षण मला फार लांब वाटला.

"एक," त्या म्हणाल्या. "झालं. हात खाली."

सगळे हात एकदम खाली आले. पाहुणे आत आले तेव्हा त्यांच्यासमोर माणसांचा घोळका कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. देशमुखकाका टॉवेलनं मान पुसत होते. छायाचित्रकारानं कॅमेरा वर केला आणि खाली केला. "काय झालं, संपलं का?" पाहुण्यांनी विचारलं. "हाव, साहेब, आत्ताच संपलं," काका मनापासून म्हणाले.

कदमांनी प्रसंग सावरला. श्वेता पुढे आली, संगीत लागलं, पुन्हा सगळे हात वर गेले, पाहुण्यांचे सुद्धा. श्वेतानं हसत हसत शेवटचे आठ म्हटलं, मग अजून आठ, मग अजून. छायाचित्रं उत्तम आली. मी मागे उभा होतो. दुसऱ्या आठापासून देशमुखकाका नुसतेच हात हलवत होते. डॉक्टरीणबाई तर गुडघे वाकवतच नव्हत्या. जीव राखून ठेवत होती मंडळी.

नंतर काचेच्या केबिनमध्ये आम्ही तिघं परीक्षक जमलो. मी उभाच राहिलो. प्रतिभाताईंच्या बैठका शिकवण्यात आणि शरीरशास्त्रात चुका आहेत, हे मी सांगितलं. पण लोकांनी श्वेताचं ऐकल्यासारखं केलं आणि प्रतिभाताईंचं ऐकलं, हेही सांगितलं.

"एनर्जी, सर," कदम म्हणाले. "वेळ आल्यावर पुढे न्यायला नको?"

"सर, तुमचं खरं हाये," भैयासाहेब म्हणाले, आणि ते दुःखानंच म्हणत होते. "पण पाव्हणे दारात आले आन् बाईनं हात खाली करवले. उद्या माह्या जिमचा मालक कोन, मी का ती?" प्रश्न बिनतोड होता. दोघांविरुद्ध एक असा निकाल लागला. भैयासाहेब उठता उठता म्हणाले, "तिले म्हणा, कळवू."

बाहेर प्रतिभाताई पायऱ्यांवर उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, बूट बदललेले.

"सर, खरं सांगा."

कळवू हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. कार्यालयांत तो शेवटच्या आठांसारखाच वापरतात. माणसाला उभं ठेवायला.

"जागा तुम्हाला मिळाली नाही," मी म्हटलं. "श्वेताला दिली."

त्यांनी ओठ आवळले. मग नाक ओढलं, पदर नव्हता म्हणून ट्रॅकसूटच्या बाहीनं डोळे पुसले, जोरात, घाम पुसल्यासारखे. "बरं झालं आताच सांगतलं. नाईतर मईनाभर फोनकडं पाहत बसलो असतो." जरा थांबून म्हणाल्या, "ते गुडघ्याचं तुमचं बरोबर होतं. लिंबूपाण्याचं नाई."

बसस्थानकापर्यंत मी बरोबर चाललो. अकोटची गाडी लागायची होती. त्यांनी तिथूनच शांतामावशींना फोन लावला, स्पीकरवर, कारण भोवती गोंगाट होता.

"मावशी, जागा नाई भेटली. हॉल मईनाअखेरपर्यंतच हाये. सगळ्यायले आजच सांगून देजा, मंग बोंबलू नका."

पलीकडे थोडा वेळ म्हशीचं रेकणं ऐकू आलं. मग मावशी म्हणाल्या, "मईना संपेपर्यंत एक बी दिवस बुडवत नाई कोनी. पुढचं खळ्यावर करू. माह्या खळ्यावर जागा हाये."

"तिथं तुमच्या म्हशी बांधल्या हायेत!"

"मंग त्यायले बी वाकाले लाव. लय जाड झाल्या."

प्रतिभाताई हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी पुन्हा बाहीनं डोळे पुसले. गाडी लागली. त्या धक्के देत चढल्या, खिडकीतून म्हणाल्या, "सर, कमरेचा व्यायाम करत जा. अन् मोजताना उलटं मोजा." गाडी निघाली.

मी रेल्वे स्थानकावर आलो. कदम आधीच पोचले होते, हातात दोन कचोऱ्या, एक माझ्यासाठी. "सर, यवतमाळचं पण ठरतंय. एक शेवटचं करून टाकू का?" त्यांनी विचारलं. मी कचोरी खाल्ली, हो म्हणालो आणि फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. मग बायकोला फोन लावला.

"झालं?" तिनं विचारलं. "हा शेवटचाच होता ना?"

मी तोंडातलं उत्तर गिळलं.

"नाही," मी म्हटलं. "यवतमाळ आहे. त्यानंतरही असेल. मला घरी बसवत नाही."

पलीकडे टॉवेल झटकल्याचा आवाज आला.

"हे आधी सांगायचंत ना," ती म्हणाली. "किती वर्षं मी तुमचं शेवटचं संपायची वाट बघत घरात बसून आहे. यवतमाळला मी येते. माझंही तिकीट काढा."